न टोचलेली सुई

पेणच्या खाडीकाठचं ते मिठागर बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याची पत्र्याची शेड दर रविवारी भरते. त्या रविवारी मी माणसं मोजायला घेतली आणि साडेतीनशेवर सोडून दिली. बाहेर रिक्षा, टेम्पो, दोन मिनीबस, आणि चक्क एक रुग्णवाहिका. दारात चपलांचा ढीग. प्रत्येक कुटुंबातल्या एकाच्या तरी काखेत ते मोठं पांढरं पाकीट होतं, ज्यात एमआरआयच्या फिल्म ठेवतात. देवळात लोक नारळ घेऊन जातात, इथे मेंदूचे फोटो घेऊन आले होते.

समोर मूर्ती नव्हती. मूर्तीच्या जागी दवाखान्यात असते तशी, फिल्म अडकवून बघायची, आतून उजेड देणारी पेटी होती आणि तिला झेंडूचा हार घातला होता. शेजारी पांढराशुभ्र पंचा नेसून महाराज बसले होते. त्यांचं पाळण्यातलं नावच बाबाजी, त्यामुळे बाबा व्हायचं निम्मं काम आईबापांनी आधीच उरकून ठेवलं होतं.

"मी देव न्हाय," महाराज माईकवरून सांगत होते. "अंगारा, लिंबू, दोरा, यातलं इथं काय न्हाय. ज्याला ते पायजे त्यानं दुसरीकडं जावं. इथं सायन्स हाय. प्रूफ डोल्यांनी बघायचा न मंगच मानायचा. मी कोन? मी नुसता स्विच हाय. करंट वरून येतो."

मग शेडच्या ताडपत्र्या खाली सोडल्या, अंधार झाला आणि पेटी लागली. डावीकडे एक फिल्म, उजवीकडे एक. डावीकडच्या मेंदूत दोन-तीन ठिकाणी पांढरे ठिपके लखलखत होते. उजवीकडचा मेंदू त्याच माणसाचा, पण स्वच्छ. ही आधीची, ही एक्केचाळीस दिवसांनंतरची, असं महाराजांनी सांगितलं आणि विचारलं, "डाग गेला का न्हाय?" गेला, गेला, असा गजर झाला. माझ्या पुढची एक म्हातारी हात जोडून रडायला लागली.

मी मागे खांबाला टेकून मजा बघत होतो. आमच्या भागात मी चमत्कार फोडणारा माणूस म्हणून ओळखला जातो. पंचवीस वर्षं शाळाशाळांतून जिभेवर कापूर जाळून दाखवलाय, हातातून राख काढून दाखवलीय, अंगात आलेल्या बायांना गोड बोलून शांत केलंय. नाव महादेव नाईक. नाव वडिलांनी ठेवलं, त्यात माझा दोष नाही. पोटापाण्याला अलिबागच्या एका तपासणी केंद्रात एमआरआयचं यंत्र चालवतो. म्हणजे हा बाबाजी दोन्ही बाजूंनी माझ्याच वाट्याचा होता. प्रश्नोत्तरांची वेळ आली की उठायचं आणि त्याची पोलखोल करायची, असं ठरवून आलो होतो.

तिसरी जोडी लागली. "आता आमच्या नागावच्या क्षिप्राताई," महाराज म्हणाले. पहिल्या रांगेतून एक मुलगी आईच्या दंडाला धरून उठली. फिल्मच्या कोपऱ्यात तिचं नाव छापलेलं होतं. खाली, जिथे यंत्र चालवणाऱ्याची आद्याक्षरं येतात, तिथे माझी होती. दोन्ही फिल्म माझ्या हातच्या होत्या. त्यातली दुसरी कशी निघाली हे त्या शेडमध्ये मला एकट्यालाच नीट माहीत होतं.

उठायचं ते राहिलंच. ताडपत्री वर गेली, आरती सुरू झाली, आणि मी चपला शोधून गुपचूप बाहेर पडलो. आयुष्यभर दुसऱ्यांना भित्रे म्हणत आलो होतो.

क्षिप्रा माझी भाची. धाकट्या बहिणीची, पद्माची, एकुलती एक. एकोणतीस वर्षांची, शाळेत चित्रकला शिकवते. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती मला म्हणाली की उजव्या डोळ्याला लाल रंग विटकरी दिसतोय. डावा डोळा झाकला की जास्वंद विटते, उजवा झाकला की पुन्हा लाल होते. दुसऱ्या कुणाला आठवडाभर कळलं नसतं, रंगांत वावरणारीला लगेच कळलं. पुढे डाव्या पायाला मुंग्या आल्या. मीच तिचा एमआरआय काढला. मेंदूत डाग निघाले, त्यातले दोन, शिरेतून देतात त्या रंगाच्या सुईनंतर, लखलखत होते.

मुंबईच्या मेंदूतज्ज्ञांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. या आजारात शरीराची संरक्षणाची फौज चुकून घरच्यांवरच उलटते आणि मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. ताजा हल्ला ओसरला की डोळा सुधारतो, पाय सुधारतो आणि माणसाला वाटतं की बरा झालो. आत मात्र चेतापेशी मरत राहतात. हा आजार मुळापासून जात नाही, पण नियमित औषधांनी त्याचा वेग बराच कमी करता येतो, हे त्यांनी दोनदा बजावून सांगितलं. डिसेंबरात गोळ्या सुरू झाल्या.

आता मला माझ्या एका जुन्या पराक्रमाबद्दल लिहायला हवं. पद्माच्या वाडीत वर्षातून एकदा राखण द्यायची रीत होती. वाडीचा एक न दिसणारा राखणदार असतो, त्याला कोपऱ्यात कोंबडा आणि नारळ द्यायचा की तो वाडी सांभाळतो. भावोजी गेल्यानंतर ती रीत मी बंद पाडली. भर अंगणात चार पाहुण्यांसमोर विचारलं, राखणदार एवढा जागा असतो तर वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा तो कुठे झोपला होता? सगळे हसले. पद्माही हसली. पोफळींच्या मोकळ्या जागेवर तिने पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि तीन वर्षांत मुलीच्या मेंदूत डाग निघाले. ती मला एका शब्दाने बोलली नाही. नुसती बघायची. मी तिची नजर टाळायचो, कारण रीत मोडताना मी तिला समजावलं नव्हतं, तिची थट्टा केली होती.

त्यामुळे खोलीत उतरलेल्या एका पाहुणीने जानेवारीत बाबाजींचं नाव सांगितलं तेव्हा पद्मा तयारच होती. बाबाजींनी निदान केलं की उपाशी राखणदार पोरीच्या डोक्यात जाऊन बसलाय. गोळ्यांनी तो चवताळतो, म्हणून गोळ्या बंद. एक्केचाळीस दिवस अळणी जेवण, आणि राखण पुन्हा सुरू. मग खुशाल एमआरआय करा, सायन्स काय म्हणतं ते बघा. फक्त ती रंगाची सुई घ्यायची नाही, कारण तो रंगच त्याचा खुराक आहे.

मार्चमध्ये मायलेकी केंद्रात आल्या. कागदावर डॉक्टरांनी सुईसह तपासणी लिहिली होती. क्षिप्रा म्हणाली, सुई नको. नाही म्हणायचा रुग्णाला हक्क असतो. मी तशी नोंद केली आणि सुई न देता फिल्म काढल्या. इथवर माझं काही चुकलं नाही.

तपासणी संपली. पद्मा काचेपलीकडे उभी होती. दार ढकलून आत आली आणि म्हणाली, "दादा, चमकतायत का रे?"

मी म्हणालो, "नाही गं. एकही नाही."

वाक्य खरं होतं. सुईच दिली नसेल तर अख्ख्या मेंदूत वणवा पेटला असला तरी त्या फिल्मवर काही चमकणार नाही. हे मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. तिने यंत्राला हात जोडले आणि मग माझा हात धरून रडली. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याकडे पूर्वीसारखी बघत होती. तेव्हाच तिला खाली बसवून सांगायला हवं होतं. मी स्वतःला म्हणालो, आजची रात्र झोपू दे बिचारीला, उद्या सांगू. खरं सांगायचं तर ते बघणं मला हवंहवंसं वाटत होतं. उद्या उजाडला आणि मी गेलो नाही. गोळ्या चालू आहेत ना, हेही कधी विचारलं नाही. उत्तर काय येणार हे ठाऊक असलं की माणूस प्रश्नाच्या वाटेला जात नाही. असे सात महिने गेले.

बाबाजींच्या दरबारातून पळून आल्यावर सोमवारी सकाळी मी केंद्रातला एक खण उघडला. आमच्याकडे न नेलेल्या अहवालांचा एक खण आहे आणि तो कायम भरलेला असतो. लोक फिल्म नेतात, कारण ती मोठी असते, उजेडात धरता येते, चार माणसांना दाखवता येते. खरी तपासणी काय सांगते ते लिहिलेला कागद दोन दिवसांनी तयार होतो आणि तो न्यायला बरेच जण फिरकत नाहीत. मार्चच्या गठ्ठ्यात क्षिप्राचा कागद सापडला. जुने डाग कायम, एक नवा डाग, रंगाची सुई न दिल्यामुळे ताजा दाह आहे की नाही हे सांगता येत नाही. खाली आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टर साक्षी यांची सही.

मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. ऐकताना त्यांनी एकदाही मान हलवली नाही.

मग त्यांनी बाबाजींची करामत उलगडून दाखवली. मला ती अर्धीच दिसली होती. जिथे दाह ताजा असतो तिथे बारीक रक्तवाहिन्यांची भिंत सैल पडते, सुईतलं औषध तिथून झिरपतं आणि ती जागा चमकते. सुई नाही तर झिरपणं नाही आणि चमकही नाही. ही झाली पहिली युक्ती. दुसरी त्या एक्केचाळीस दिवसांत होती. ताज्या डागाची चमक बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपोआपच विझते, कुणी अळणी खावो की बिर्याणी. म्हणजे एखाद्याने हट्टाने सुई घेतलीच, तरी महाराज बहुधा तरून जाणार. तिसरी युक्ती तर चोरट्यांनाही शोभणार नाही. त्याच पाकिटात दुसऱ्या प्रकारची एक फिल्म असते, तिच्यावर सुई न देताही सगळे जुने डाग पांढरे दिसतात. ती महाराज पेटीवर लावतच नाहीत.

"हे त्याला कुणी शिकवलं असेल?" मी विचारलं.

आमच्या जुन्या शिपायाने त्याचं उत्तर दिलं. बाबाजी आठ वर्षं मोटारसायकलवरून केंद्राकेंद्रांच्या फिल्म पोचवायचा. कोण काय नेतं आणि कोण काय खणात सोडून जातं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

डॉक्टर साक्षी मात्र बाबाजीवर थांबल्या नाहीत. चमकणारे डाग हा या आजाराचा फक्त वरचा आवाज आहे, असं त्या म्हणाल्या. मेंदूतल्या पेशी एकेक करून मोजता येत नाहीत, पण पेशी आणि त्यांचे धागे मेले की मेंदूचं आकारमान कमी होतं. एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने काढलेल्या दोन तपासण्या संगणकाने एकमेकींवर बसवल्या की तो फरक मोजता येतो. निरोगी माणसाचाही मेंदू दरवर्षी किंचित घटतो, या आजारात औषधाविना तो पुष्कळ जास्त वेगाने घटतो. बाहेरून माणूस चालतं, बोलतं, हसतं, आणि आत घट चालू असते.

"नाईककाका," शेवटी त्या म्हणाल्या, "बाबाजीने लोकांना खोटी फिल्म दाखवली नाही. तुम्ही काढलेली खरी फिल्म दाखवली. आधी तिला जाऊन सांगा."

गुरुवारी मी नागावला गेलो. क्षिप्रा पडवीत बसून खोल्यांच्या पाट्या रंगवत होती. पूर्वी ही मुलगी एका फटक्यात वर्तुळ काढायची. आता मनगट दुसऱ्या हाताने धरून रेघ ओढत होती आणि तरी ती हलत होती. शाळेत हजेरी घेताना मुलांची नावं अडतात, हे तिने मला सहज सांगितलं. सांगून झाल्यावर पुन्हा सांगितलं. आधी सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

मी सुईचं सांगितलं, खणातल्या कागदाचं सांगितलं, पद्माला दिलेल्या उत्तराचं सांगितलं. ती कुंचला धूत राहिली.

"मामा, तुला हे मार्चपासून माहीत होतं?"

"हो."

"मी गोळ्या बंद केल्यात हे?"

"वाटत होतं. विचारलं नाही."

तिने कुंचला पुसून डब्यात ठेवला. मला वाटलं रडेल, किंवा मला जा म्हणेल. दोन्हींतलं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "महाराज मला दर रविवारी पुढे उभी करतात. माझी फिल्म बघून माणसं गोळ्या बंद करतात. प्राप्ती म्हणून एक मुलगी आहे उरणकडची, बावीस वर्षांची. गेल्या रविवारी मीच तिला म्हटलं, काही होत नाही, सोड गोळ्या." मग ती म्हणाली, "तू लोकांसमोर बोलतोस ना नेहमी? मग हेसुद्धा लोकांसमोर बोल. मी तिथे असेन."

पद्मा आतून चहा घेऊन आली. तिला त्या दिवशी आम्ही काहीच सांगितलं नाही. तिच्या हातचा चहा मी प्यालो, हेही माझ्या गुन्ह्यांतच धरायला हवं.

रविवारी मी पिशवीत एकच वस्तू घेतली. दुकानदार खऱ्या-खोट्या नोटा तपासायला जांभळ्या उजेडाचा लहान दिवा वापरतात, तो. शेडमध्ये पहिल्यापेक्षा जास्त गर्दी होती. महाराजांनी स्विच आणि करंटचं पुराण लावलं, ताडपत्र्या पडल्या, दोन जोड्या झाल्या. क्षिप्राची जोडी पेटीवर लागली आणि महाराजांनी विचारलं, "डाग गेला का न्हाय?"

गजर व्हायच्या आत मी म्हणालो, "नाही गेला."

माणसांनी वळून बघितलं. मी चालत पुढे गेलो. महाराज सराईत गडी. माईक बाजूला न करता म्हणाले, "या, या. शंका विचारा. सायन्सला शंका चालते."

"शंका नाही, कबुली आहे," मी म्हणालो. "या दोन्ही फिल्म मी काढल्यात. खाली माझी अक्षरं आहेत, कुणीही येऊन वाचा. ही पोर माझी भाची आहे."

"बघा," महाराज गर्दीकडे वळले. "सख्खा मामा, मामाचाच मशीन. याच्यापेक्षा मोठा प्रूफ काय पायजे?"

मी जांभळा दिवा काढला आणि त्यांच्या अंगावर धरला. शेडमध्ये अंधार त्यांनीच केला होता. त्यांचा पंचा, बंडी, खांद्यावरचा पांढरा रुमाल, सगळं निळसर लखलखायला लागलं. पुढच्या रांगेतल्या काहींनी हातच जोडले. मी घाईघाईने सांगितलं की हे तेज महाराजांचं नाही, धुण्याच्या पावडरीचं आहे. तुमचा पांढरा सदराही असाच चमकेल. बाजूच्या एका म्हाताऱ्याच्या टोपीवर दिवा धरला, ती चमकली. लोक हसायला लागले. मी दिवा बंद केला.

"आता चमक गेली," मी म्हणालो. "महाराजांचा पंचा गेला का?"

मागून एक बाई म्हणाली, "पंचा कुठं जाल? हाय तिथंच हाय."

"डागांचं तेच आहे. पहिल्या वेळी रंगाची सुई दिली होती, ती म्हणजे हा दिवा. ताजे डाग चमकले. दुसऱ्या वेळी सुई दिलीच नाही. महाराजांनीच नको सांगितली होती. डाग आहेत तिथेच आहेत, फक्त दिवा लावला नाही. विश्वास ठेवू नका माझ्यावर. याच पाकिटातली दुसरी फिल्म लावून बघा."

महाराजांनी पाकिटावर हात ठेवला. तो हात क्षिप्राने बाजूला केला. कापऱ्या बोटांनी तिने ती फिल्म बाहेर काढली आणि पेटीवर लावली. पांढरे डाग सगळ्या शेडला दिसले. सहा होते, मोजायला कुणाला शिकवावं लागलं नाही.

त्यानंतर महाराज पुष्कळ बोलले. करंट तुटला, नास्तिकाची सावली पडली, राखणदार परत आला. कुणी ऐकलं, कुणी नाही. पन्नास-साठ माणसं तरी तिथेच बसून राहिली, आणि पुढच्या रविवारी महाराज दुसऱ्या शेडमध्ये बसले तर हीच माणसं तिथेही दिसतील हे मला कळत होतं. पण बरेच जण आपापल्या पाकिटातली ती दुसरी फिल्म उजेडाकडे धरून बघायला लागले. मैना नावाची एक बाई लेकीला हाताला धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ही प्राप्तीची आई. "दादा, मना वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "पोरीचे डाग हायेत का गेले ते सांगा. खरा सांगा पन." मी तिला उद्या केंद्रात यायला सांगितलं, कागद वाचून दाखवायचं कबूल केलं आणि तोवर मुलीच्या गोळ्या कुठल्या डॉक्टरांच्या होत्या त्यांना आजच फोन करा म्हणालो. जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली. ती चौकशी चालू आहे.

लोक मला शाबासकी देत होते. एकाने माझा फोटोही काढला. मी गर्दीतून पद्माला शोधत होतो. ती चपलांच्या ढिगाशी उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं ना रे?" मी हो म्हणालो. ती रिक्षात जाऊन बसली. अजून ती माझ्याशी बोलत नाही.

आठवड्याने क्षिप्राची तपासणी झाली. सुई मीच टोचली. चार डाग चमकले, त्यातले तीन नवे. मेंदूतज्ज्ञांनी त्याच दिवशी उपचार पुन्हा सुरू केले, आधीपेक्षा जोरदार. मोजणीला आणखी दोन दिवस लागले. डॉक्टर साक्षींनी तिन्ही तपासण्या एकमेकींवर बसवून आकडा काढला आणि आम्हा दोघांना बोलावलं. वर्षभरात मेंदूचं आकारमान एक पूर्णांक चार टक्के घटलं होतं. तिच्या वयाच्या निरोगी माणसात ही घट टक्क्याच्या पाव भागाच्या आसपास असते. डॉक्टरांनी हेही सांगितलं की एका आकड्यावर भविष्य मांडायचं नसतं. शरीरातलं पाणी कमी-जास्त झालं, सूज उतरली, तरी मोजणी थोडी हलते. पण खूण वाईट आहे.

पडद्यावर मेंदू आणि कवटी यांच्यामधली काळी फट पहिल्या तपासणीपेक्षा रुंद झालेली दिसत होती. आम्ही वाडीवाली माणसं. नारळ सुकला की आतला गोटा करवंटीपासून सुटतो, हे लहानपणापासून बघत आलोय. क्षिप्रा त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की यातलं परत किती येईल. डॉक्टर म्हणाल्या, गेलेलं येत नाही. उरलेलं मात्र पुष्कळ आहे आणि ते राखता येईल, म्हणून तर मोजायचं.

ती बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "यातलं माझं किती?"

"म्हणजे?"

"औषध चालू असतानाही थोडं गेलंच असतं. उरलेलं त्या सात महिन्यांत गेलं. मी मार्चमध्ये बोललो असतो तर किती वाचलं असतं?"

त्यांनी चष्मा काढला. "काका, यंत्र तेवढं सांगत नाही," त्या म्हणाल्या.

मला एक आकडा हवा होता. तो उशाशी घेऊन झोपता आलं असतं, निदान त्याची शिक्षा भोगता आली असती. तसा आकडा जगात नाही. असता तर मी तो इथे छापला असता.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, आणि हे हात देवाला जोडलेले नाहीत. कुणी तुम्हाला आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला तर काय दिसतंय एवढंच बघू नका. नंतरच्या वेळी काय केलंच नाही, हे विचारा. दाखवायचं टाळलेलं काय आहे, ते मागा. फिल्म न्याल तसा कागदही न्या आणि डॉक्टरांकडून समजून घ्या. बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. बघितलं नाही म्हणजे नाही, असं होत नसतं.

आणि ज्यांना हे सगळं आधीच कळतं, जे माझ्यासारखे बाबांवर हसतात, त्यांना वेगळं सांगतो. बाबाजीने माझ्या बहिणीला फसवलं, पण ती दुसरी फिल्म त्याच्याकडे न्यायच्या आधी तिने मला विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. तिला ते ऐकवत नव्हतं म्हणून मी गप्प बसलो असं मी सात महिने म्हणत आलो. मला ते सांगवत नव्हतं, एवढंच खरं आहे.